वाडीचे माप : कोकणातील वादळे आणि नारळ-सुपारीच्या बागा

कोकणच्या किनारपट्टीवरील माणसाला त्याच्या वाडीविषयी विचारले असता तो सहसा क्षेत्रफळ सांगत नाही. आपल्या वाडीत दोनशे पोफळी आहेत, पंचवीस माड आहेत, चार जायफळे आहेत आणि विहिरीला बारमाही पाणी आहे, असे तो सांगतो. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र त्याच वाडीची नोंद इतके गुंठे किंवा इतके आर अशी असते. एकाच मालमत्तेची ही दोन मापे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आणि त्यांच्यात कधी विशेष तंटा झाला नाही. तो उभा राहिला ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि वादळाने नेमके काय नेले, त्याची भरपाई कोणत्या मापाने करावयाची, हा प्रश्न हजारो कुटुंबांपुढे येऊन ठाकला. त्या प्रश्नाचा आणि त्यामागील बागायतीचा हा थोडक्यात इतिहास होय.

वाडीची घडण

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांच्या समुद्रकाठी वाळूमिश्रित जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस डोंगर, अशा या चिंचोळ्या भूमीत नारळ-सुपारीच्या वाड्या वसल्या. या वसाहती फार जुन्या आहेत. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे मिळालेला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठी भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ हे मूळचे श्रीवर्धनचे. हा मुलूख पुढे जंजिरा संस्थानात होता व १९४८ साली संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कुलाबा व जंजिरा यांच्यासाठी जो खंड आहे, त्यातही श्रीवर्धनच्या सुपारीची दखल घेतलेली आहे. आकाराने मोठी व आतून पांढरी भरणारी ही सुपारी ‘श्रीवर्धनी रोठा’ या नावाने बाजारात ओळखली जाते.

वाडीची रचना वरून पाहणाऱ्यास गर्दीची वाटते, परंतु तिच्यात एक निश्चित व्यवस्था असते. सर्वांत उंच माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेले मिरीचे वेल, मध्ये एखादे जायफळ, खाली केळी, अननस आणि आळू. पोफळीला कोवळ्या वयात कडक ऊन सोसत नाही, म्हणून तिच्या रोपाला आधी केळीची व नंतर माडाची सावली लागते. पूर्वी विहिरीवरील रहाटाने पाणी काढून ते पाटांतून आळ्यांत सोडीत. पुढे विजेचे पंप आले आणि रहाट थांबले. समुद्राकडील बाजूस केवडा, उंडी व सुरू यांची रांग असे. खारा वारा आणि उडणारी वाळू यांचा पहिला मारा ती रांग सोसत असे.

अशी वाडी कोणीही एका वर्षात लावलेली नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पोफळीस पहिले फळ धरण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात आणि पूर्ण उत्पन्न दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. उंच जातीच्या माडास सहा ते आठ वर्षे लागतात. त्यानंतर पोफळ पन्नास-साठ वर्षे व माड त्याहूनही अधिक काळ फळ देत राहतो. दरवर्षी दोन-चार झाडे वयाने, रोगाने किंवा वीज पडून जातात. त्यांच्या जागी लगेच नवी रोपे लावण्याच्या पद्धतीस ‘नांगे भरणे’ असे म्हणतात. अशा रीतीने एकाच वाडीत आजोबांनी लावलेला माड, वडिलांनी लावलेली पोफळ आणि गेल्या पावसाळ्यात लावलेले रोप एकत्र नांदत असतात. वाडीचे खरे भांडवल म्हणजे हे निरनिराळ्या वयांचे झाड-झाडोरे होत. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे मुद्दल दरवर्षी थोडे थोडे नवे होत असते आणि व्याजावर घर चालत असते.

या व्याजावर केवळ बागाईतदाराचेच घर चालत असे असे नव्हे. सुपारी सोलणाऱ्या स्त्रिया, झाडावर चढणारे पाडेली, माल नेणारे गाडीवान, तालुक्याच्या बाजारपेठेतील किराणा व कापड दुकानदार, या सर्वांचे व्यवहार सुपारीच्या हंगामाशी बांधलेले असत. वर्षभर वहीत लिहिलेली उधारी सुपारी विकली गेली की फिटे. लग्नाचा बस्ताही त्याच बेताने बांधला जाई.

आधीची वादळे

अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः दोन काळांत येतात : मान्सूनपूर्वी मे-जूनमध्ये आणि मान्सूननंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यांपैकी बरीच ओमानकडे अथवा गुजरातकडे वळतात. त्यामुळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट चालून येणारे वादळ ही विरळा घडणारी गोष्ट होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबई परिसरास मोठ्या वादळाचा तडाखा बसला होता. त्यानंतर दोन पिढ्या गेल्या. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. त्या वेळी सर्वाधिक हानी समुद्रात गेलेल्या मच्छीमारांची झाली. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ हे अतितीव्र वादळ किनाऱ्यापासून दूर राहूनही कोकणातील कापणीला आलेल्या भाताला भिजवून गेले.

या सर्व अनुभवांत वाडी मात्र बहुतांशी उभी राहिली. दहा-वीस झाडे मोडली, कौले उडाली, पण पुढील पावसाळ्यात नांगे भरले गेले आणि गाडा चालू राहिला. त्यामुळे वादळ म्हणजे झाडे मोडणारे संकट, वाडी नेणारे संकट नव्हे, अशी एक समजूत किनाऱ्यावर दृढ झाली होती. २०२० च्या जूनमध्ये ती समजूत मोडली.

३ जून २०२०

चक्रीवादळांना नावे देण्यासाठी तेरा देशांनी मिळून केलेली १६९ नावांची नवी यादी २०२० साली अमलात आली. त्या यादीतील पहिलेच नाव ‘निसर्ग’ हे होते आणि ते बांगलादेशाने सुचविलेले होते. १ जून रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, २ जून रोजी त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात तीव्र चक्रीवादळाच्या रूपाने त्याने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. हवामान खात्याच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोतांचा वेग १३० किलोमीटरपर्यंत होता.

पूर्वसूचना वेळेवर मिळाली होती. किनाऱ्यावरील हजारो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविण्यात आले, होड्या वर ओढून घेण्यात आल्या आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके दाखल झाली. त्यामुळे एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने मनुष्यहानी पुष्कळच मर्यादित राहिली. ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. माणूस हलविता येतो, गुरे सोडता येतात, होडी बांधून ठेवता येते. झाडाला मात्र जागच्या जागीच उभे राहावे लागते.

चक्रीवादळाच्या वाऱ्याची एक विशेष रीत असते. उत्तर गोलार्धात तो केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र जेथून जाते तेथे आधी एका दिशेने वारा सुटतो, मध्ये काही वेळ शांत होते आणि मग तोच वारा उलट दिशेने येतो. पहिल्या वाऱ्याने मुळे सैल झालेली झाडे दुसऱ्या वाऱ्याला टिकाव धरू शकत नाहीत. पोफळीचे खोड सडपातळ व उंच, तिची मुळे तंतूंच्या झुबक्यासारखी व फारशी खोल न जाणारी. एक माड कोसळला की तो आपल्याबरोबर पाच-दहा पोफळी घेऊन पडतो. ज्या दाटीमुळे वाडीत गारवा राहत होता, तीच दाटी त्या दिवशी झाडांच्या मुळावर आली.

श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, अलिबाग, रोहा, माणगाव या भागांत आणि पलीकडे मंडणगड-दापोलीत केळशी, आंजर्ले, हर्णे या गावांपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. समुद्रकाठची सुरूची बने मोडून पडली. घरांचे पत्रे व कौले उडाली, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. वादळ पुढे घाट चढून पुणे जिल्ह्यात गेले. मावळ, जुन्नरकडील शेतकऱ्यांची हरितगृहेही त्याने मोडली.

हे सर्व घडले ते करोनाच्या साथीत. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. पर्यटकांचे येणे थांबलेले, मुंबईचे चाकरमानी गावी परतलेले, बाजारपेठा अर्धवट उघड्या, अशी त्या वेळची स्थिती होती. छपराला पत्रे, ताडपत्री, खिळे हवे होते आणि ते मिळणे दुरापास्त होते. अनेक सामाजिक संस्थांनी व व्यापारी मंडळींनी धान्य, ताडपत्री, पत्रे, सौरदिवे यांची मदत पाठविली. त्यातच अवघ्या आठ दिवसांत, ११ जून रोजी, मान्सून राज्यात दाखल झाला. उघड्या घरावर पाऊस सुरू झाला.

पडलेल्या झाडाचा व्याप

वादळ काही तासांचे होते, त्याच्यामागून आलेले काम कित्येक महिन्यांचे होते. आंबा, फणस किंवा चिंच पडली तरी तिच्या बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटू शकतात. नारळ व सुपारी यांचे तसे नाही. या झाडांना वाढीचा एकच कोंब असतो आणि तो शेंड्याशी असतो. शेंडा मोडला की झाड संपले. कललेले तरुण माड सरळ करून, बुंध्याशी मातीची भर घालून, टेकू देऊन वाचविता येतात. तसे काही वाचविण्यातही आले. परंतु मोठे झाड एकदा पडले की त्याचे करण्यासारखे काही उरत नाही.

पडलेले झाड जागेवर ठेवताही येत नव्हते. कुजत चाललेल्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा यांची पैदास होते आणि हे दोन्ही कीटक उभ्या राहिलेल्या माडांवर जातात. म्हणजे वादळातून जे वाचले, ते पडलेल्यांच्या पायी धोक्यात, अशी अवस्था. म्हणून खोडे लवकरात लवकर तोडून वाडीबाहेर नेणे अत्यावश्यक होते. पण एक जुना माड तोडणे, त्याचे ओंडके करणे आणि चिंचोळ्या पाणंदीतून ते बाहेर काढणे हे दोन-तीन माणसांचे दिवसभराचे काम असते. नारळाच्या खोडाला गिऱ्हाईक नव्हते. पोफळीच्या खोडांची मांडवासाठी, कुंपणासाठी किंवा चिरून पन्हळीसाठी थोडी सोय होते, पण साऱ्या गावाच्या पोफळी एकाच दिवशी पडल्यावर त्या कोणाला द्यावयाच्या? परिणामी, झाडाचे उत्पन्न बुडालेच, शिवाय ते झाड बाहेर काढण्याचा खर्चही मालकाच्या अंगावर आला.

उभ्या राहिलेल्या पोफळींपुढे दुसरे संकट होते. माडांची सावली गेल्यामुळे त्यांच्या खोडांवर नैर्ऋत्येकडील तिरपे ऊन थेट पडू लागले. अशा उन्हाने पोफळीचे खोड भाजून निघते, त्याला चिरा जातात आणि काही वर्षांत झाड मधूनच मोडते. खोडांना झावळ्या गुंडाळणे, चुना लावणे, मध्ये भराभर केळी लावणे, हे उपाय जाणत्या बागाईतदारांनी केले. पाणी देण्याची अडचणही होतीच. कित्येक गावांत वीज येण्यास काही आठवडे लागले. पंप बंद होते आणि रहाट केव्हाच गेले होते. पिण्याचे पाणीही जनरेटर लावून काढावे लागले. जुने साधन पूर्णपणे काढून टाकल्यावर नव्याला पर्याय उरत नाही, ही गोष्ट तेव्हा सर्वांच्या अनुभवास आली.

हेक्टर की झाड?

शासनाची मदत ठरली ती प्रचलित निकषांनी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या तत्कालीन निकषाप्रमाणे बहुवार्षिक पिकांचे तेहतीस टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी १८ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी तरतूद होती. हानी पाहून राज्य सरकारने ही रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये केली. पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदतही ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाख रुपये करण्यात आली. हा निर्णय उदार होता यात शंका नाही. तरीही वाडीवाल्यांचे समाधान झाले नाही. त्याचे कारण हिशेब मांडल्याखेरीज समजत नाही.

एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. कोकणातील वाड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी लहान झालेल्या. दहा गुंठ्यांची वाडी ही तेथे लहान गणली जात नाही. तिच्या वाट्याला येणार सुमारे पाच हजार रुपये. शिफारस केलेल्या अंतराने, म्हणजे २.७ मीटरवर पोफळी लावल्या तर हेक्टरी सुमारे १३७० झाडे बसतात. त्या हिशेबाने एका झाडामागे ३६-३७ रुपये होतात. जुन्या वाड्यांत पोफळी याहूनही दाट असतात, शिवाय त्यांच्यावर माड, मिरी व जायफळ असतात. जितकी वाडी जोपासलेली व भरलेली, तितकी दर झाडामागे मदत कमी, असा या मापाचा विचित्र परिणाम होत होता. ज्याने नांगे भरले नाहीत आणि ज्याने आयुष्यभर भरले, ते दोघे समान क्षेत्राला समान ठरत होते.

बागाईतदारांनी, त्यांच्या सहकारी संघांनी आणि लोकप्रतिनिधींनी हीच बाजू लावून धरली. भातशेती क्षेत्राने मोजता येते, कारण तिचे पीक एका हंगामाचे असते व जमीन पुढील वर्षी पुन्हा पीक देते. वाडीचे पीक म्हणजे पंचवीस-तीस वर्षे वाढलेले झाड. ते गेले की पुढील सात-आठ वर्षांचे उत्पन्नही त्याबरोबर जाते. अखेरीस शासनाने झाडाचे माप मान्य केले. नारळाच्या झाडास २५० रुपये आणि सुपारीच्या झाडास ५० रुपये असा दर ठरला. समजा, दहा गुंठ्यांत तीनशे पोफळी पडल्या, तर क्षेत्राच्या मापाने पाच हजार आणि झाडाच्या मापाने पंधरा हजार रुपये होतात. झाडाच्या खऱ्या मोलाच्या मानाने ही रक्कमही अल्पच होती. तथापि वाडी झाडांनी मोजली पाहिजे, हे तत्त्व कागदावर आले, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होय. पुढल्याच वर्षी ‘तौक्ते’ वादळानंतर मदत देताना हाच दर पुन्हा लागू झाला.

नारळ विकास मंडळाची माड विमा योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. तिच्यात झाडाबरोबर त्याचे वयही मोजले जाते. चार ते पंधरा वर्षांच्या माडाला ९०० रुपये आणि सोळा ते साठ वर्षांच्या माडाला १७५० रुपये विमा संरक्षण असे तिचे स्वरूप, आणि हप्त्याचा केवळ चतुर्थांश भाग बागाईतदाराने भरावयाचा. झाडाचे मोल त्याच्या वयात असते, ही गोष्ट वाडीवाल्यांना ठाऊकच होती. विम्याच्या शास्त्रानेही ती मानली आहे.

मदतीच्या मार्गात दुसरी अडचण होती ती नोंदींची. सातबारावर आजोबांचे नाव, वारस सहा, त्यांपैकी दोन मुंबईत, एक पुण्यात, एक परदेशात, आणि वाडी पाहणारा त्यांच्यापैकी एकच, ही कोकणातील घरोघरची स्थिती. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक पंचनाम्यास आले तेव्हा झाडे कोणाची, पैसे कोणाच्या खात्यावर, इतरांची संमती कोठे, हे प्रश्न निघाले. जो वाडी शिंपतो, त्याचे नाव उताऱ्यावर नसणे ही गोष्ट चांगल्या दिवसांत कोणाला खुपत नाही. संकटाच्या दिवशी मात्र तीच घरात कटुता आणते. अनेक कुटुंबांनी त्यानंतर वारस नोंदी करून घेतल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली.

पुन्हा लागवड

मोकळ्या झालेल्या जमिनीकडे पाहून निरनिराळ्या माणसांच्या मनात निरनिराळे विचार आले. हा किनारा गेल्या काही दशकांत पर्यटनाने भरभराटीस आला आहे. समुद्रालगतच्या जागेला मोठी किंमत येते. साठी उलटलेल्या माणसाने सुपारीचे रोप लावावे आणि त्याची दहा वर्षे वाट पाहावी, की जागा विकून मोकळे व्हावे? मुले शहरात, पाडेली मिळेनासे झालेले, मजुरी वाढलेली. हा प्रश्न पोकळ भावनेने सुटणारा नव्हता. काहींनी खोल्या बांधल्या, काहींनी जागा दिल्या. त्यांना दोष देणे योग्य होणार नाही.

पण पुष्कळांनी रोपे लावली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथेच आहे, तर नारळाचे संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे. लागवडीसाठी सुपारीचे रोप बारा ते अठरा महिन्यांचे लागते. त्यामुळे मागणी एकदम वाढली तरी रोपवाटिकांना तितकी रोपे एका पावसाळ्यात देता येणे शक्य नव्हते. कित्येकांनी पडलेल्या झाडांवरील पक्व फळे निवडून घरीच रोपे तयार केली. जी पोफळ गेली, तिच्याच बियाण्याची पुढची पिढी त्याच वाडीत लागली. रोजगार हमी योजनेतून फळबागांच्या पुनर्लागवडीस साहाय्य देण्याचे ठरले व त्याचा लाभ काहींना झाला.

या लागवडीत जुन्या चुका सुधारण्याचाही प्रयत्न झाला. माडासाठी मीटरभर खोल खड्डा घेऊन तो झाडाच्या वाढीबरोबर हळूहळू भरत आणल्यास बुंधा खोल रुजतो. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवल्यास एकाच्या पडण्याने दुसरा जात नाही. पोफळीची उघडी पडलेली मुळे दरवर्षी मातीने झाकावयाची. केवडा, उंडी, सुरू यांची समुद्राकडील रांग पुन्हा उभी करावयाची. पत्रे केवळ खिळ्यांवर न ठेवता हुकांनी वाशांना आवळावयाचे. वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे काम अलिबागसारख्या ठिकाणी राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून हाती घेण्यात आले.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. ‘निसर्ग’ला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ हे त्याहून प्रबळ वादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले आणि १७ मे च्या रात्री गुजरातेत उनानजीक जमिनीवर आले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील हापूसच्या बागांचे त्याने अखेरच्या फळासह नुकसान केले आणि नव्याने लावलेल्या अनेक रोपांनाही हिसका दिला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले आहे. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. दोन पिढ्यांत एकदा येणारे संकट म्हणून वादळाकडे पाहण्याचे दिवस संपले, असे म्हणावे लागेल.

समारोप

कोकणातील वाडीचा हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत. पण मालमत्ता म्हणजे काय, याविषयी तो एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. जमीन उताऱ्यावर असते, ती वादळाने जात नाही. त्या जमिनीवर एका पिढीने दुसरीसाठी उभे केलेले जे असते, ते जाते, आणि त्याचे माप चौरस मीटरमध्ये होत नाही. ते झाडांच्या संख्येत आणि झाडांच्या वयात करावे लागते. निसर्ग वादळानंतर दर झाडामागे मिळालेले ५० रुपये कोणाचे नुकसान भरून काढू शकले नाहीत. पण झाड मोजले गेले, ही गोष्ट वाडीवाल्यांना पैशांइतकीच महत्त्वाची वाटली.

२०२० आणि २०२१ च्या पावसाळ्यांत लावलेल्या पोफळींना आता पहिली फळे धरण्याचे वय येत आहे. वाडी पूर्ववत भरण्यास अद्याप पुष्कळ वर्षे लागतील आणि ज्यांनी ती रोपे लावली त्यांच्यापैकी सर्वांनाच ते दिवस पाहावयास मिळतील असे नाही. ज्यांच्या वाड्या ३ जूनच्या सकाळपर्यंत उभ्या होत्या, त्यांनीही स्वतः लावलेली झाडे थोडीच होती; बहुतेक झाडे वाडवडिलांनी लावलेली होती. हे ऋण फेडण्याचा कोकणात एकच मार्ग रूढ आहे. पावसाळा लागला की मोकळ्या जागा पाहावयाच्या आणि नांगे भरावयाचे.